चरबीचा निरोप

पाच धरणांच्या जुन्नर तालुक्यात आणे पठार मात्र तहानलेलंच. इथल्या माणसाला दुष्काळ शिकवावा लागत नाही: कणगी तळाला लागली की हात आखडायचा, साल पिकलं की आधी कणगी भरायची. अतिस्थूल माणूस वजन उतरवू लागतो तेव्हा त्याचं शरीरही नेमकं हेच करतं. आपल्या लेखी ते पथ्य, शरीराच्या लेखी दुष्काळ.

दुष्काळाची वर्दी देतं कोण? खुद्द चरबी! 1994 साली न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन शोधलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून रक्तात उतरतं आणि साठा किती उरलाय ते मेंदूला कळवतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं, भूक चेतवणारं घ्रेलिन वाढतं. 2011च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन उतरवून वर्ष लोटलं, तरी ही संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती. वर्षभर पोटात भूक घेऊन वावरायचं, वर लोकांचे टोमणेही ऐकायचे!

दुसरी गंमत याहून अजब. वजन उतरवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी तपासलं. बहुतेकांचं बरंच वजन परतलं होतं, पण निवांत बसल्याबसल्या शरीर जी ऊर्जा जाळतं, ती अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरींनी कमीच होती. आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटीबरोबर वाढतात तशा दोन-तीन भाकरी समजा. तेवढं रोज कमी खायचं, तेही वर्षानुवर्षं.

आणि चरबीच्या पेशी? त्या आक्रसतात, संख्येने जवळजवळ तेवढ्याच राहतात, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरसुद्धा.

आणि लेप्टिनचा निरोप मेंदूपर्यंत पोचलाच नाही तर? 2017 साली इजिप्तमधली सुमारे 500 किलो वजनाची एक महिला उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. जनुकतपासणीत दिसलं, की लेप्टिनचा निरोप घेणारा ग्राहीच सदोष आहे. चरबी उदंड, पण मेंदूला त्याचा पत्ता नाही! असा दोष फार दुर्मीळ. बहुतेक अतिस्थूल माणसांत लेप्टिन भरपूर असतं, ग्राहीही शाबूत असतो. मेंदू त्याला दाद देत नाही, एवढंच.

तेव्हा अशा माणसाला ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ म्हणणं सोडा. त्याला डॉक्टरकडे न्या, आणि उपचार वर्षानुवर्षं चालतील हे घरच्यांनीही समजून घ्या.