कारखान्यातील मसलत

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकात किंवा अर्ध्या शिवाजी पुतळ्यापाशी, शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ फुटबॉलचा सामना का हरले याची सायंकाळी तावातावाने चिकित्सा करणाऱ्या मंडळींपैकी कित्येकजण दिवसा उद्यमनगरात, शिरोलीस वा गोकुळ शिरगावास लोखंडाच्या ओतकामावर असतात. आणि ज्या तरुणास बचावफळी कोठे उघडी पडली हे वडीलधाऱ्यांदेखत सांगण्यास संकोच वाटत नाही, तोच कारखान्यात कास्टिंग सदोष निघाल्यावर मान खाली घालून गप्प का राहतो, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

ओतकामातील दोषाचा स्वभावच असा की, तो उत्पन्न होतो एका खात्यात आणि उघडकीस येतो दुसऱ्याच खात्यात. वायू कोंडून धातूत राहिलेली पोकळी, जिला कामगार ब्लोहोल म्हणतात, ती पुष्कळदा पृष्ठभागाखाली दडलेली असते, आणि मशिनशॉपमध्ये वरचा थर कातला जाईपर्यंत कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. तोपर्यंत साचा करणारा, कोअर म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा भाजणारा आणि धातूचा रस ओतणारा असे तिघेही पुढच्या कामास लागलेले असतात. वाळूत ओल अधिक होती, कोअर कच्चा होता, की रस थंड पडला होता, याचा निवाडा मग कचेरीत बसून होतो. प्रत्येक खाते आपापली कैफियत देते, कोणाच्या तरी नावे ठपका बसतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच छिद्र पुन्हा दिसते.

यावर उपाय सांगावयास सोपा आहे: ते सदोष कास्टिंग मध्ये ठेवून तिन्ही खात्यांच्या माणसांनी त्याच्याभोवती उभे राहावे, आणि ‘कोणी केले’ हे न विचारता ‘का झाले’ हे विचारीत जावे. समजा, वायू कोंडला, का? वाळूत पाणी जास्त होते. का? पाणी अंदाजाने घातले गेले. का? ओल मोजण्याचे उपकरण प्रयोगशाळेत कुलुपात होते आणि रात्रपाळीस किल्ली नव्हती. येथे दोष माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे, आणि किल्लीची सोय करण्यास एक दिवसही लागत नाही. जपानमधील टोयोटा कारखान्याने हीच प्रश्नमालिका शिस्तीने अंगी बाणवली. त्याच देशात काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने 1962 पासून कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू झाली, आणि 1980 मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील कारखान्यात ती आपल्या देशात आली.

परंतु नुसते मंडळ नेमल्याने कोणाची वाचा फुटत नाही. सामन्याच्या चर्चेत बोलल्याने कोणाचा पगार कापला जात नाही. कारखान्यात तसे होईल ही भीती जोवर आहे तोवर मंडळाने फलकावर काढलेल्या कारणांच्या सर्व आकृत्या निरर्थक होत. म्हणून मालकाने पहिल्याच बैठकीत सांगावे की, येथे कबूल केलेल्या चुकीची नोंद कोणाच्याही सेवापुस्तकात होणार नाही, आणि तो शब्द पाळावा. सर्वांत कनिष्ठाने प्रथम बोलावे व मुख्य मिस्त्रींनी शेवटी, कारण त्यांचे मत एकदा उच्चारले गेले की त्याविरुद्ध बोलण्याचे धैर्य विरळाच दिसते. बिहार-ओडिशातून आलेल्या कामगारास त्याच्या भाषेत विचारणारा कोणी हजर असावा. भट्टीशेजारी तोच उभा असतो आणि पुष्कळदा खरे कारण त्यालाच ठाऊक असते. बैठक पाळीच्या वेळेतच व्हावी, सुटी झाल्यावर घरी जाण्याच्या घाईत नव्हे.

आणि सर्वांत अधिक उपेक्षा होते ती पुढच्या गोष्टीची: सूचना मंजूर झाली तर तिचा अंमल केव्हा होणार, आणि नामंजूर झाली तर कोणत्या कारणाने, हे सुचविणाऱ्यास ठरलेल्या मुदतीत समक्ष कळविले पाहिजे, एरवी दुसऱ्या खेपेस तो येईल, पण बोलणार नाही.