उतरता उतरता पुन्हा वर जाणारे विमान

२८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीत उतरताना लिअरजेट ४५ विमान कोसळले आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. कल्याण-डोंबिवलीच्या लोकलमध्ये हा विषय निघाला की काही समजुती हमखास ऐकू येतात. त्या तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : इंजिन बंद पडले की लहान विमान दगडासारखे खाली येते.
वस्तुस्थिती : विमानाला पंख तोलून धरतात. सेसना १७२ हे एका इंजिनाचे विमान इंजिनाविना एक मीटर खाली येईपर्यंत साधारण नऊ मीटर पुढे जाते. कल्याण स्टेशनच्या वर हजार मीटरवर इंजिन थांबले, तर वारा नसताना ते डोंबिवली ओलांडू शकेल. खरा धोका वेग गमावण्यात आहे. नाक फार उचलून धरले की पंखांचा आधार सुटतो. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. जमिनीजवळ असे झाले, तर सावरायला उंचीच उरत नाही.

गैरसमज : धावपट्टी लांब असली की काळजी नाही.
वस्तुस्थिती : १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट ४५ मुंबईच्या जवळपास साडेतीन किलोमीटरच्या धावपट्टीवर उतरतानाच अपघातग्रस्त झाले. आतले आठही जण बचावले. तेव्हा जोराचा पाऊस होता आणि दृश्यमानता ७०० मीटर. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने उतरणारे जेट एवढे अंतर अकरा-बारा सेकंदांत कापते.

गैरसमज : टॉवरवरचा माणूस विमान खाली आणतो.
वस्तुस्थिती : बारामतीत अपघाताच्या वेळी नियमित हवाई वाहतूक नियंत्रण नव्हते. तिथल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे प्रशिक्षक आणि वैमानिकच येणाऱ्या विमानांना माहिती देत. टॉवर असला तरी उतरायचे की नाही, याचा शेवटचा निर्णय वैमानिकाचाच असतो.

गैरसमज : अडचण आलीच तर कल्याणजवळच्या नेवाळीची जुनी धावपट्टी आहे.
वस्तुस्थिती : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतजमिनी घेऊन ती बांधली. त्याच जमिनींसाठी २०१७ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. तिथे आज विमाने उतरत नाहीत. नुसती सपाट पट्टी पुरत नाही. वाऱ्याची व दृश्यमानतेची खात्रीची माहिती, मोकळा हवाई मार्ग आणि सज्ज अग्निशमन दलही लागते.

गैरसमज : उतरता उतरता पुन्हा वर जाणे म्हणजे वैमानिकाची चूक.
वस्तुस्थिती : याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि प्रत्येक वैमानिक त्याचा सराव करतो. बारामतीतही धावपट्टी न दिसल्याने पहिला प्रयत्न सोडून दिला होता. दुसऱ्या प्रयत्नात काय घडले, हे ठरवणे विमान अपघात अन्वेषण विभागाचे काम आहे. पण नियम जुनाच आहे : ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर वर जायचे, गरज पडल्यास दुसऱ्या विमानतळावर जायचे.

भाड्याच्या विमानाने जाणाऱ्यांनी सभेची, बैठकीची किंवा लग्नाच्या मुहूर्ताची घाई कॉकपिटपर्यंत पोहोचू देऊ नये. ‘आज इथे उतरणार नाही,’ असे वैमानिक म्हणाला, तर त्याचे आभार मानावेत.