गुलाबी शहरातले गुलाबी टोळ

२५ मे २०२० रोजी, ऐन टाळेबंदीत, जयपूरच्या वस्त्यांवर टोळधाड उतरली. गुलाबी शहरात गुलाबी टोळ! हा रंग कोवळ्या टोळांचा. अंडी घालण्याच्या वयात ते पिवळे होतात.

बागेतला हिरवा नाकतोडा एकटा येतो, चार पानं कुरतडतो. टोळ थव्याने येतात, आणि प्रत्येक जण रोज जवळपास स्वतःच्या वजनाइतकं, सुमारे दोन ग्रॅम, फस्त करतो. लोकांनी थाळ्या बडवल्या. त्याने थवा उठतो, मरत नाही. शेजाऱ्याकडे जातो, इतकंच. खरा उपाय रात्रीचा: टोळ झाडांवर विसावले की सरकारी पथकं मॅलाथिऑन हे कीटकनाशक फवारतात. जयपूरच्या त्या धाडीच्या सुमारास टोळ अमरावती-नागपूरकडेही पोहोचले होते.

कुंडीतल्या नाकतोड्यासाठी मात्र हे विष नको. सकाळी तो सुस्त असताना वेचा, साबणाच्या पाण्यात टाका.