कौलारू घराचे छप्पर बदलताना

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घेणे हा कोकणातील शेतकऱ्याचा जुना परिपाठ आहे. फुटकी कौले काढावीत, नवी बसवावीत, सरकलेली कौले सारखी करावीत, एवढ्यावर पुष्कळ वर्षे भागते. परंतु एक वेळ अशी येते की, शाकारणी करूनही पहिल्याच मोठ्या सरीत घर गळू लागते. वासे वाकलेले असतात, रिपा भुसभुशीत झालेल्या असतात आणि आढे मध्यावर खचलेले दिसते. अशा वेळी संपूर्ण छप्परच बदलणे शहाणपणाचे ठरते. हे काम आयुष्यात एकदोनदाच करावयाचे असल्याने त्याचा अनुभव फारच थोड्यांना असतो.

घाईचा परिणाम

पुष्कळ घरांत पुढील प्रकार घडतो. लग्नसराई आटोपल्यावर मे महिन्याच्या मध्यास काम सुरू होते. कौले उतरविल्यावर आढे आतून वाळवीने पोखरलेले आढळते. नवे लाकूड तयार नसते. सुतार दुसऱ्या गावी गुंतलेला असतो. इतक्यात वळवाचा पाऊस येतो आणि माळ्यावरील कणगीतले भाताचे बियाणे भिजते. भिजलेल्या बियाण्यास मोड येतात किंवा बुरशी लागते आणि धूळवाफेच्या पेरणीस ते निरुपयोगी ठरते. छपराचा खर्च एकीकडे राहून हंगामच हातचा जातो. म्हणून बियाणे, धान्य व वैरण प्रथम सुरक्षित जागी हलवावी आणि मगच पहिले कौल काढावे.

कामाची पूर्वतयारी

छपराची पाहणी पावसाळ्यातच करावी. जेथे गळते तेथे आतून खूण करून ठेवावी. पाऊस ओसरल्यावर टोकदार हत्याराने वासे, आढे व भिंतीवर टेकणारी वाशांची टोके टोचून पाहावीत. हत्यार सहज आत शिरल्यास ते लाकूड बाद समजावे. वाशांची टोके ओलसर भिंतीत असल्याने तीच प्रथम कुजतात.

लाकूड दिवाळीनंतर लगेच घ्यावे, म्हणजे ते सावलीत सुकण्यास अवधी मिळतो. ओले लाकूड छपरावर चढविल्यास ते पुढे पिळवटते व कौलांच्या फटी उघड्या पडतात. साग, ऐन, किंजळ यांचा गाभा टिकाऊ असतो. बाहेरील पांढरट भागास मात्र कीड लवकर लागते. टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाची प्रक्रिया केल्यास किडीपासून संरक्षण मिळते. तथापि ही द्रव्ये पावसाने धुऊन जातात, त्यामुळे ती छपराखालील कोरड्या लाकडासाठीच योग्य होत.

प्रत्यक्ष काम फाल्गुन-चैत्रात सुरू करून रोहिणी नक्षत्रापूर्वी, म्हणजे २५ मेच्या आत, संपवावे. पुढे मजूर शेतीच्या कामास लागतात.

कौलांची निवड व हिशेब

बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढल्यानंतर मंगलोरी कौलांचा प्रसार झाला. एकमेकांत खाचेने बसणारी ही कौले नळीच्या कौलांपेक्षा कमी सरकतात. १०० चौरस फुटांस सुमारे १४० ते १५० कौले लागतात. फूटतूट धरून थोडी अधिक आणावीत, म्हणजे वानरांनी फोडलेल्या कौलांच्या जागी त्याच मापाची कौले मिळतात.

कौल बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आल्यास ते चांगले भाजलेले असते. दुसरी कसोटी पाण्याची. कोरडे कौल तोलून २४ तास पाण्यात ठेवावे व पुन्हा तोलावे. अडीच किलोचे कौल तीन किलोंहून अधिक भरल्यास तो माल घेऊ नये.

१०० चौरस फुटांवर या कौलांचा भार सुमारे साडेतीनशे ते चारशे किलो होतो आणि पावसात तो वाढतो. गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर काढून कौले घालावयाची असल्यास भिंती व वासे हा भार पेलतील काय, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे.

काम चालू असताना

संपूर्ण घर एकदम उघडे करू नये. एकेक खण घेऊन काम करावे, म्हणजे अवकाळी सर आली तरी उघडा भाग ताडपत्रीने झाकता येतो. कौले दोन्ही पाख्यांवर सारख्या प्रमाणात चढवावीत. एकाच बाजूस भार पडल्यास सांगाडा कलतो. आडव्या दोन फुटांस उभा एक फूट, याहून उतार कमी ठेवू नये. अतिवृष्टीच्या भागात तो अधिकच असावा. जुन्या कौलांखाली विंचू व साप असतात. मुले व गुरे कामाच्या जागेपासून दूर ठेवावीत.

गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असल्यास विशेष काळजी घ्यावी. त्यांतील ॲस्बेस्टॉसची सूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेल्यास फुप्फुसांचे गंभीर रोग होतात. असे पत्रे फोडू किंवा कापू नयेत; पाण्याने भिजवून, तोंडास योग्य मुखवटा बांधून अखंड उतरवावेत. त्यांचे तुकडे बांधावर वा रस्त्यात टाकू नयेत.

वाऱ्यापासून संरक्षण

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने असंख्य घरांची छपरे उडविली. वारा वळचणीखाली शिरून छप्पर वर उचलतो. यास्तव वासे भिंतीस घट्ट जखडावेत, वळचणीच्या ओळींतील कौले तारेने रिपांस बांधावीत आणि आढ्यावरील कौले चुन्याच्या किंवा सिमेंटच्या मसाल्यात पक्की बसवावीत. एवढ्या कामास खर्च थोडा येतो.

करार व पैसा

दर, माल कोणी आणावयाचा, जुनी कौले व लाकूड कोणाचे, काम किती दिवसांत संपवावयाचे, हे सर्व आधी लिहून घ्यावे. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत व शेवटचा हप्ता पहिला पाऊस पडून गळती पाहिल्यावर चुकता करावा. कौले उतरविल्याखेरीज लाकडाची खरी स्थिती कळत नाही. म्हणून अंदाजाचा पाचवा हिस्सा निराळा राखून ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच गावातील खचलेल्या छपरांची यादी करावी आणि त्या घरधन्यांची हिवाळ्यातच भेट घ्यावी. तीनचार घरांनी मिळून कौले व लाकूड आणल्यास वाहतुकीचा खर्च वाचतो, आणि एकाच सुताराकडून क्रमाने कामे करून घेता येतात. मृगाची पहिली सर येईल तेव्हा घरधनी गळतीखाली भांडी मांडण्यात न गुंतता शेतावर असावा, हाच या सर्व तयारीचा हेतू होय.