हाताचं माप

स्तनात गाठ निघाली की घरात पहिला प्रश्न असतो, डॉक्टर कोणता गाठायचा? आमच्या काकूच्या वेळी तासगावकडच्या त्या घरात दिवसभर फोन वाजत होता. कुणी म्हणे थेट टाटाला न्या, कुणी म्हणे सांगली-मिरजेतच चांगले सर्जन आहेत. 1941 साली परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियलचं नाव गावोगावी आधाराचं झालं आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून उपचार घेतलेलं कुणीतरी ओळखीत निघतंच. पण या आजाराचा डॉक्टर म्हणजे एक माणूस नसतो. ऑपरेशन करणारा वेगळा, किमो ठरवणारा वेगळा, रेडिएशन देणारा वेगळा. हे तिघे एकत्र बसून रिपोर्ट पाहतात का, हे विचारावं. ओळखीच्या चिठ्ठीपेक्षा या उत्तराला मी जास्त किंमत देते. आणि चौथंही एक माणूस लागतं, ज्याचं नाव त्या फोनाफोनीत कुणाच्या तोंडी नव्हतं: पुढे हाताची काळजी घेणारं.

काकूचे सगळे उपचार पार पडले. पुढल्या छाटणीच्या हंगामात डाव्या हातात बांगड्या चढेनात. हात जड झाला, ब्लाउजची बाही दंडाला काचू लागली. दुखत नव्हतं म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. मग एका दवाखान्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मिळाल्या. त्यांनी हाताची ही सूज हटत नाही. अडलेल्या द्रवात प्रथिनं असतात, ती तिथेच राहतात आणि पाणी पुन्हा ओढून घेतात. शेवटी तिच्या सर्जननी तपासण्या करून आजार उलटलेला नाही, शिरेत गुठळी नाही, याची खात्री केली आणि पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. लिम्फेडिमा हा शब्द घरात तेव्हा पहिल्यांदा आला.

रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेला द्रव लसिकावाहिन्या गोळा करतात, लसिकागाठींमधून गाळून नेतात आणि गळ्याच्या मुळाशी पुन्हा रक्तात सोडतात. या वाटेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, आतल्या झडपा, स्नायूंची हालचाल आणि श्वास यांवर सगळं चालतं. हाताची वाट काखेतून जाते. तिथल्या गाठी काढल्या, वर रेडिएशन झालं, की उरलेल्या वाटांवर भार येतो. कुणाच्या त्या निभावून नेतात, कुणाच्या नाही. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचांत एकीला ही सूज येते, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. कधी बऱ्याच वर्षांनीही.

थेरपिस्ट ताईंची खोली लहान आहे. काम मापाने सुरू होतं आणि आधी बरा हात मोजतात. पंजा, मनगट, मग तिथून वर ठरावीक अंतरावर पेनाने खुणा करत दंडापर्यंत. मग त्याच जागी सुजलेला हात. टेप नुसती टेकवायची, आवळायची नाही. दोन हातांत कुठेही दोन सेंटिमीटरचा फरक निघाला की तो गंभीरपणे घ्यायचा. नंतर त्या अंगठ्याने कातडी थोडा वेळ दाबून धरतात. खळगा पडला तर द्रव अजून हलता आहे. जुनी सूज कडक होत जाते, मग तो पडत नाही.

मसाज म्हटल्यावर काकूला तेल लावून रगडणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात ताईंनी हाताला बराच वेळ स्पर्शच केला नाही. सुरुवात मानेपासून, मग बरी काख, मग छाती ओलांडून आणणारे सावकाश हात. पुढची वाट मोकळी केल्यावरच दंड, कोपर आणि शेवटी बोटं. दाब इतका हलका, की कातडी फक्त ताणली जावी. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी 1930च्या दशकात ही पद्धत मांडली. जोरात चोळलं तर नुकसानच होतं, आणि आपल्याकडे मायेने जोरात चोळणारे खूप.

खरं कौशल्य मला पट्टी बांधण्यात दिसलं. आधी मलम, मग सुती मोजा, मग प्रत्येक बोटाला वेगळी अरुंद पट्टी, मग कापसाचा मऊ थर, कोपराच्या खोबणीत फोमचा तुकडा. त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या, पंजाला अरुंद, वर रुंद. दाब पंजाकडे जास्त आणि खांद्याकडे कमी होत गेला पाहिजे. उलटं झालं तर द्रव पंजात उतरतो. मेडिकलमधली नेहमीची क्रेप पट्टी इथे चालत नाही, कारण ती हात स्वस्थ असतानाही आवळत राहते आणि स्नायू फुगला की सैल पडते. या पट्ट्या उलट वागतात: हात चालला की त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि स्नायू द्रवाला पुढे ढकलतो.

"मॅडम, मग भाकरी?" काकूने विचारलं.

"मावशी, हात चालवायचाच. वरून मोठा हातमोजा घाला. बांधून गप्प बसलात तर माझी मेहनत फुकट."

वहिनीने बांधायला घेतलं. पहिल्या वेळी बोटं निळसर पडली आणि ताईंनी सगळं सोडायला लावलं. वहिनी पुन्हा पंजापासून बसली. काही आठवडे रोज हे चाललं, मापं उतरत गेली, उतरायची थांबली, तेव्हा मापाचा तंग स्लीव्ह आला. तो दिवसभर घालायचा आणि सैल पडला की, साधारण सहा महिन्यांनी, बदलायचा. हा खर्च कायमचा आहे. ऑपरेशनचं बिल भरणाऱ्या योजनांनी तो तितक्याच सहज उचलला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

जड उचलू नका, हा जुना सल्लाही आता बदलला आहे. कॅथरिन श्मिट्झ यांच्या 2009 सालच्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजनं वाढवत नेलेल्या बायकांची सूज वाढली नाही. काकूला ताईंनी अर्ध्या किलोपासून सुरुवात करून दिली. भीती बाळगायची ती जंतुसंसर्गाची. विळी लागली, काटा गेला तर लगेच धुऊन औषध लावायचं. हात लाल, गरम झाला, थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक. त्या काळात मसाज बंद.

काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्याच लागतात असंही नाही. काखेत वरवर काही लागत नसेल, तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून पहिल्या एक-दोन गाठी शोधतात. त्या स्वच्छ निघाल्या की बाकीच्या ठेवतात. मग सुजेचा धोका साधारण विसांत एकीपर्यंत उतरतो. सर्जन निवडताना हा प्रश्न त्यांच्यापुढे नक्की ठेवावा: माझ्या काखेचं काय करणार आणि का?

काकूची ऑपरेशनआधीची मापं कुणाकडेच नव्हती, त्यामुळे तिचा मूळ हात केवढा होता ते अंदाजानेच ठरलं. ताई आता ओळखीच्या सर्जनना सांगतात, बाई ऑपरेशनआधीच पाठवा. आम्ही निघताना तशी एक बाई आली होती, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन असलेली. दोन्ही हात टेबलावर ठेवून तिने विचारलं, "माझ्या हाताला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच मोजतेय."

उजवा हात अर्ध्या सेंटिमीटरने जाड निघाला, रोजच्या कामाचा हात म्हणून. ताईंनी तोही फरक लिहून ठेवला आणि पुढची तारीख टाके निघाल्यानंतरची दिली.