प्रोस्टेटचा कर्करोग आणि शस्त्रक्रिया: काही समज व वस्तुस्थिती

पुसद-उमरखेडपासून वणी-पांढरकवड्यापर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कोठेही साठी उलटलेल्या पुरुषास लघवी अडखळत होऊ लागली, म्हणजे घरची मंडळी प्रथम वयाला दोष देतात, आणि लघवी पार अडकून नळी घालण्याची वेळ आल्यावाचून दवाखान्यात जाण्याची तजवीज होत नाही. पुढे ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ एकदा उरकले, की या ग्रंथीपासून कायमची सुटका झाली अशी सर्वांची खात्री पटते. माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक समज हाच होय.

दुर्बिणीने होणाऱ्या त्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाभोवतीचा, वयोमानाने वाढलेला आतील भाग तेवढा खरवडून काढतात. ग्रंथीचा बाहेरचा भाग जागच्या जागी राहतो, आणि शंभरांतील सुमारे 70 रुग्णांत कर्करोगाचा उगम नेमका तेथेच होतो. म्हणून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा अहवाल मागून घेऊन जपून ठेवावा, आणि पुढेही तपासणीत हयगय करू नये. उलट, लघवीचा त्रास म्हणजे कर्करोगच, असेही नाही. बहुसंख्यांची वाढ निरुपद्रवी असते. पीएसए या रक्तचाचणीचा चढलेला आकडा हा इशारा आहे, निकाल नव्हे, कारण साध्या वाढीने आणि जंतुसंसर्गानेही तो चढतो. निकाल लागतो तो सुईने काढलेल्या तुकड्यावर. सुई लागली की रोग अंगभर पसरतो, या भीतीस आधार नाही.

दुसरा समज असा, की ग्रंथी कापून काढणे हाच खरा इलाज आणि ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, हा केवळ शेवटच्या अवस्थेतील दिलासा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील किरणोपचारतज्ज्ञ डॉ. वेदांग मूर्ती व त्यांचे सहकारी यांनी 2011 ते 2017 या काळात, रोग पसरण्याचा धोका अधिक परंतु लसिकाग्रंथींत तो दिसत नसलेल्या 224 रुग्णांवर जे संशोधन केले, ते या समजास पुरेसे उत्तर आहे. सुमारे निम्म्या रुग्णांना केवळ प्रोस्टेटवर, तर उरलेल्यांना ओटीपोटातील लसिकाग्रंथींसह किरण देण्यात आले. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न चढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 81.2, तर दुसऱ्यात 95 टक्के भरले. एकूण आयुर्मानात तोपर्यंत फरक दिसला नव्हता, आणि व्यापक किरणांनी मूत्राशयाचे त्रास काहीसे वाढले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तथापि शस्त्रक्रियेवाचूनही असा रोग दीर्घकाळ काबूत राहतो, हे आपल्याच देशातील रुग्णांवरून सिद्ध झाले, याचे मला विशेष मोल वाटते. प्रारंभीच आढळलेल्या रोगाविषयी ब्रिटनमधील 1,643 पुरुषांच्या पंधरा वर्षांच्या अभ्यासानेही 2023 मध्ये असेच दाखविले, की शस्त्रक्रिया, किरणोपचार वा निव्वळ दक्ष देखरेख यांपैकी काहीही पत्करले तरी या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सुमारे तीन टक्केच राहिले. आपल्याकडे मात्र पुष्कळ रुग्ण उशिराच येतात.

अशा उशिरा आलेल्यांपुढे वृषणे काढण्याचा प्रस्ताव ठेवला, की बैलाच्या खच्चीकरणाची आठवण होऊन शेतकरी घरातील माणूस शरमेने खाली मान घालतो, आणि इलाजच सोडून देतो. शिकागोचे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवून दिले, की हा कर्करोग मुख्यतः वृषणांत तयार होणाऱ्या पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो आणि त्याचा पुरवठा तोडला असता हाडांत पसरलेला रोगही ओसरतो. या कार्याबद्दल त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृषणे काढल्यावर कामेच्छा मंदावते, अंगातून वाफा निघाल्यासारखे होते, कालांतराने हाडे ठिसूळ होतात, हे खरे. परंतु आवाज बदलत नाही, आणि वेदनेने खिळलेला माणूस पुष्कळदा पुन्हा हिंडूफिरू लागतो. तोच परिणाम इंजेक्शनांनीही साधतो, पण ती ठराविक मुदतीने घेत राहावी लागतात व महाग पडतात, उलट शस्त्रक्रिया लहान, स्वस्त आणि एकदाच करावयाची असते.

तेव्हा वाचकांस विनंती इतकीच, की घरातील वडीलधाऱ्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले किंवा त्यांची कंबर व हाडे कारणावाचून दुखू लागली, तर त्यांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विनाविलंब दाखवावे, आणि किरणोपचारासाठी नागपुरास जावे लागले तर खर्चाच्या धास्तीने माघार न घेता महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव नोंदवण्याची चौकशी रुग्णालयातच करावी.