कंपनी काढली, पण वार्षिक अहवाल कोण भरणार?

शेतकरी बंधूंनो, पीक कर्ज आणि पीक विम्याच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ असतात. पण तुम्ही एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक वा सभासद असाल, तर आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. ती म्हणजे ३० सप्टेंबर.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात दहा शेतकऱ्यांनी अशी कंपनी काढली. बैठका घ्यायला, कागद गोळा करायला मीही पुढे होतो. नोंदणीचा दाखला आला, पेढे वाटले. पुढे सोयाबीन खरेदीचं काही जमलं नाही, कंपनी तशीच पडून राहिली. चार वर्षांनी गोदामासाठी कर्ज काढायला मंडळी बँकेत गेली, तेव्हा आधीच्या वर्षांचे ताळेबंद मागितले गेले. अध्यक्ष मला म्हणाले, "साहेब, एक पोतं विकलं नाही, मग अहवाल कसला भरायचा?"

प्रश्न साधा होता, पण कायदा तसं म्हणत नाही. व्यवहार शून्य असला तरी हिशेब आणि अहवाल दरवर्षी भरावाच लागतो. नोंदणीच्या वेळीच हे बजावून सांगायचं होतं. ते माझ्याकडूनही राहिलं, म्हणून हा लेख.

आपल्याकडे दूध संस्था, विकास सोसायटी यांची सवय आहे. त्यांचा कारभार सहकार खात्याच्या निबंधकांकडे चालतो. शेतकरी कंपनी मात्र केंद्र सरकारच्या कंपनी कायद्याखाली येते. तिचे निबंधक वेगळे, आणि सगळी कागदपत्रं ऑनलाइन भरायची असतात. तालुक्याला अर्ज देऊन भागत नाही.

काम असं चालतं. ३१ मार्चला वर्ष संपलं की चार्टर्ड अकाउंटंटकडून हिशेब तपासून घ्यायचे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी हवी आणि एक चतुर्थांश सभासद हजर हवेत. म्हणजे ३०० सभासद असतील, तर ७५ जण पाहिजेत. सभेनंतर ३० दिवसांत 'एओसी-४' हा ताळेबंदाचा आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणाचा फॉर्म भरायचा. नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी असते, पुढे रब्बीची पेरणी येते आणि हे काम मागे पडतं. सभा घेतलीच नाही, तरी मुदत थांबत नाही.

आता उशिराचा हिशेब बघा. प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी आहे आणि तिला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्मचे दिवसाला २०० म्हणजे वर्षाला ७३,००० रुपये. तीन वर्षांचे अहवाल तुंबले, पहिला तीन वर्षे, दुसरा दोन आणि तिसरा एक वर्ष, तर बेरीज ४ लाख ३८ हजारांवर जाते! कंपनीचं भांडवलच लाखभर असेल, तर हे पैसे आणायचे कुठून?

एवढ्यावरही भागत नाही. सलग तीन वर्षं अहवाल भरला नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली देशात एक लाखाहून अधिक संचालक असे अपात्र ठरले होते. सरकारने २०२० मध्ये थकलेल्या कंपन्यांना सवलत दिली होती हे खरं, पण पुढच्या सवलतीच्या भरवशावर बसू नका.

तेव्हा एवढं करा. एप्रिलमध्येच बिलं, पावत्या आणि बँकेचा उतारा अकाउंटंटकडे द्या. सभेची तारीख पेरण्या उरकल्यावर, ऑगस्टमध्येच ठेवा. संचालकांच्या डिजिटल सहीची मुदत तपासून घ्या. फॉर्म भरल्याची पावती मागून घेऊन फाईलला लावा; नुसतं "भरलंय" या शब्दावर विसंबू नका. सभासदांनीही सभेत ही पावती बघायला मागावी, तो तुमचा पैसा आहे. आणि कंपनी चालवायचीच नसेल, तर सल्ला घेऊन ती रीतसर बंद करा. पडीक रानात तण माजतं, तशी पडून राहिलेल्या कंपनीवर फी वाढत जाते.

आमच्या त्या गावातली मंडळी आता मागचे अहवाल एकेक करून भरत आहेत. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.